तिरंग्याला कोपरा नसतो

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या मोबाइलवर एक फाइल आली. पाठवणारा माझा मामेभाऊ. जालन्यात राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फाइल उघडली तर तिरंगा, आणि त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, केशरी पट्ट्यावर, पांढरा चांद-तारा. सोबत व्हॉइस मेसेज होता: "भाई, इसके किनारे जरा साफ करके देव. फ्लेक्सवाले कू देना है." घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की लग्नपत्रिका, बॅनर आणि बिघडलेला प्रिंटर या तीन गोष्टी आपोआप त्याच्या गळ्यात पडतात, हे तुमच्यातल्या इंजिनिअर मंडळींना वेगळं सांगायला नको.

मी फोन केला. त्याचा हिशोब सरळ होता. २०२४ मध्ये मिलाद १६ सप्टेंबरला आली होती आणि दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दोन दिवस पाठोपाठ, मग एकच झेंडा दोन्हीकडे चालेल. दरवर्षी १७ सप्टेंबर आला की मोहल्ल्याच्या पोरांकडे रझाकाराची नातवंडं असल्यासारखं बघितलं जातं. तिरंग्यावर चांद दिसला की लोकांना कळेल, आम्हीही याच देशाचे. आणि शेवटी त्याने जे वाक्य टाकलं, त्यासाठी हा सगळा लेख लिहितोय: "कोनेमेंच तो लगा रहे, भाई. बीच में थोड़ी लगा रहे."

मी फाइल साफ करून दिली नाही. त्यावर दोन दिवस घरात माझ्याविरुद्ध ठराव पास होत राहिले. पुण्याला जाऊन भाई बदलला, कंपनीतल्या लोकांना घाबरतो, वगैरे. फोनवर सगळं सांगता आलं नव्हतं, आणि तशीच फाइल आणखी कितीतरी मोहल्ल्यांत फिरत असणार. म्हणून इथे लिहितो.

कायद्याचं आधी उरकून घेतो. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा आणि २००२ ची ध्वजसंहिता, दोन्हींनुसार तिरंग्यावर काहीही लिहिता येत नाही. कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गेल्या काही वर्षांत उत्तर भारतात तिरंग्यावर चांद-तारा किंवा अरबी अक्षरं छापल्याबद्दल आपल्याच वयाच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. क्रिकेटच्या स्टेडियममध्ये तिरंग्यावर गावाचं नाव रंगवून नाचणारे, किंवा मिरवणुकीत तिरंग्यावर देवाचं किंवा नेत्याचं चित्र छापणारे मात्र घरी जाऊन जेवतात. एकाच गुन्ह्याला दोन मापं लावणाऱ्यांना मी सोडणार नाही, पण ते पुढे. कायद्याचा धाक दाखवून कुणाला गप्प बसवणं मला आवडत नाही. उद्या कायद्याने परवानगी दिली, तरीही मी ती फाइल साफ करून देणार नाही.

कारण "कोपऱ्यातच तर लावतोय" हे वाक्य मुळातच उलटं आहे.

आपल्या बोलण्यात कोपरा म्हणजे अंग चोरून बसायची जागा. म्हातारीची खाट, तुटलेला कूलर, न बोलणारा पाहुणा, सगळं कोपऱ्यात. झेंड्याचा हिशोब वेगळा. काठीला लागून असलेला वरचा कोपरा, ज्याला इंग्रजीत कॅन्टन म्हणतात, ही झेंड्यातली सगळ्यात मानाची जागा. कारण अगदी व्यवहारी आहे. वारा पडला की झेंड्याचं मोकळं टोक लोंबतं, चुरगळतं. वारा सुटला की तेच टोक फाटतं. काठीजवळचा वरचा भाग शेवटपर्यंत टिकतो आणि दिसतो. समुद्रावर लांबून येणारं जहाज कुणाचं आहे हे ओळखायचं असेल तर तिथेच बघायचं. म्हणजे झेंड्याचा कोपरा हा सातबाऱ्यावरचा मालकाच्या नावाचा रकाना आहे. बाकी कापडावर काय पिकतंय ते नंतर बघा.

ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडा आठवा: लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात युनियन जॅक. पट्टे कंपनीचे, कोपरा राजाचा. पुढे ब्रिटिशांनी जगभर हाच साचा वापरला. हिंदुस्थानसाठी जो लाल झेंडा जहाजांवर आणि परदेशातल्या कार्यक्रमांत फडकायचा, त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक होता आणि हिंदुस्थानचा तारा पलीकडच्या, वाऱ्याच्या बाजूला. मालक काठीजवळ, मुलूख टोकाला. (कॅन्टोन्मेंट हा शब्दही याच कॅन्टनच्या कुळातला. जालन्यातही एकेकाळी छावणी होती. शब्दसुद्धा कसे कोपरा धरून बसतात.)

ही गोष्ट कळायला लंडनला जायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यातलं असई पुरे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. वेलस्लीच्या बाजूने लढणारे बहुसंख्य गोरे नव्हते. ते मद्रासकडचे देशी शिपाई होते, हिंदूही आणि मुसलमानही. पलीकडच्या फौजेतही दोन्ही होते. त्या दिवशी लढलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या गोऱ्या पलटणींची निशाणं बघा. पलटणीच्या रंगाचं कापड आणि वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक. पुढे असईचा मान म्हणून हत्तीचं चिन्ह मिळालं. तोच असईचा हत्ती आज भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आहे. म्हणजे हत्ती फिरून आपल्याकडे आला, कोपरा मात्र तेव्हा राजाचाच होता. खेळणा नदीच्या काठावर ज्यांचं रक्त सांडलं, त्यांच्यापैकी कुणाचंही नाव त्या कोपऱ्यात नव्हतं. मला हे लहानपणी कुणी सांगितलं नाही. शाळेची सहल दरवर्षी वेरूळला जायची, असईला कधीच गेली नाही.

मामेभावाचा पुढचा मुद्दा तयार होता: मलेशियाच्या झेंड्याच्या कोपऱ्यात चांद आहेच की. आहे. निळ्या चौकोनात पिवळा चांद आणि १४ टोकांचा तारा. पण मलेशियाच्या राज्यघटनेत इस्लाम हा संघराज्याचा धर्म म्हणून लिहिलेला आहे. टोंगा नावाचा छोटा बेटांचा देश आहे, त्याच्या कोपऱ्यात लाल क्रॉस, आणि १८७५ च्या त्यांच्या राज्यघटनेने हा झेंडा कधीच बदलायचा नाही असं बजावून ठेवलंय. ग्रीसच्या कोपऱ्यात क्रॉस आहे आणि तिथल्या घटनेतही ऑर्थोडॉक्स चर्चला खास जागा आहे. हे देश जे आहेत ते कोपऱ्यात लिहून मोकळे झाले. अमेरिकेने १७७७ मध्ये कोपऱ्यातला युनियन जॅक काढून १३ तारे बसवले, १३ राज्यांचे. मालक बदलला, राज्यं मालक झाली. तुम्ही तिरंग्याच्या कोपऱ्यात चांद बसवता तेव्हा कोणतं वाक्य लिहिता? "आम्हीही आहोत" असं तुम्हाला म्हणायचं असतं. झेंड्याच्या भाषेत ते "मालक आम्ही" असं वाचलं जातं. आणि ते वाक्य वाचायला टपून बसलेले लोक या देशात कमी नाहीत.

एकदा रकान्यात नाव चढलं की उतरवणंही सोपं नसतं. कॅनडाने १९६५ मध्ये कोपऱ्यातला युनियन जॅक काढला आणि मेपलचं पान घेतलं, पण त्याआधी तिथली संसद या वादात महिनोन्‌महिने अडकली होती. न्यूझीलंडने मार्च २०१६ मध्ये नव्या झेंड्यासाठी सार्वमत घेतलं. ५६ टक्क्यांहून जास्त लोकांनी जुनाच ठेवला, कोपऱ्यातल्या युनियन जॅकसकट.

आता घरचं बघू. हा भाग आपल्याला कुणी शिकवत नाही, आणि शिकवला तर अर्धाच.

आपला चांद एकदा खरोखर हिंदुस्थानच्या झेंड्याच्या कोपऱ्यात होता. १९१७, होमरूल चळवळ, टिळक आणि ॲनी बेझंट. त्या झेंड्यावर पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींच्या आकारात सात तारे, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक आणि पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात चांद-तारा. मी पहिल्यांदा त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मलाही भरून आलं होतं. टिळकांच्या झेंड्यात आपला चांद! लगेच स्टेटस ठेवलं. आता तेच चित्र बघितलं की वेगळं दिसतं. युनियन जॅक काठीजवळ, कारण मागणी साम्राज्याच्या आतल्या स्वराज्याची होती. आपण टोकाला, वाऱ्याच्या तोंडी. आदल्या वर्षी, डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौ करार झाला होता, त्यातही टिळक होते. मुसलमानांना वेगळे मतदारसंघ आणि ठरलेला वाटा. झेंडा त्या करारासारखाच शिवला गेला: ज्याचा त्याचा तुकडा ज्याला त्याला. टिळकांच्या मनात आपल्याविषयी खोट होती असं मी म्हणत नाही. पण तो वाटणीचा झेंडा होता.

आणि वाटणी कुठे थांबत नाही. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्यांच्या झेंड्यात लाल म्हणजे हिंदू आणि हिरवा म्हणजे मुसलमान होता. गांधीजींनी इतरांसाठी पांढरा घालायला लावला, वर चरखा. लगेच शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे? विचारणारच. कापडावर जमातवार पट्टे मोजायला सुरुवात केली की ठाणे अंमलदाराच्या टेबलासारखी रांग लागते.

म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. वल्लभभाई पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, ना. सु. हर्डीकर आणि आपल्या साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर. समितीने सुचवलं काय, तर संपूर्ण केशरी झेंडा आणि काठीजवळच्या कोपऱ्यात चरखा. हेतू असा की एकच रंग ठेवला तर जमातींचा हिशोब संपेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही सूचना बाजूला ठेवली. तीन रंग राहिले, त्यांचा क्रम बदलला, चरखा कोपऱ्यातून उचलून मधोमध आला. आणि रंगांना जमातींचा अर्थ नाही असं ठरावातच लिहिलं: केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा.

हे दोन्हीकडच्या लोकांनी जरा सावकाश वाचावं. तिरंग्यातला हिरवा पट्टा मुसलमानांचा, हा आपल्या मोहल्ल्यातला लाडका गैरसमज आहे, आणि केशरी पट्टा फक्त आमचा, हा त्यांच्या गल्लीतला. दोन्ही १९३१ सालीच रद्द झाले आहेत. आपल्याला वाट्याला आलेला पट्टा नको, आपल्याला अख्खं कापड मिळालंय. आणि मिळालेलं अख्खं कापड सोडून आपण परत कोपरा मागायला निघालोय.

फाळणीच्या तोंडावर एक शेवटचा प्रयत्न झाला, तो माउंटबॅटन यांचा. १९४७ च्या उन्हाळ्यात त्यांनी सुचवलं की दोन्ही नव्या देशांच्या झेंड्यांच्या कोपऱ्यात छोटासा युनियन जॅक असावा. नेहरूंनी नकार दिला. जीनांनीही नकार दिला. इतर बाबतीत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांचं या बाबतीत एकमत झालं. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला, चरख्याच्या जागी अशोकचक्र. त्या दिवशी ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत चौधरी खलिकुज्जमाँ आणि आसामचे सय्यद सादुल्ला होते, दोघे मुस्लिम लीगचे. चांद कुठे आहे असं विचारत कुणी अडून बसलं नाही.

आणि हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्याकडे, तेव्हा काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. शोएबुल्ला खान हे 'इमरोज' नावाच्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं ते छापत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना गाठून मारलं, हात तोडला. १७ सप्टेंबरच्या भाषणांत हे नाव किती वेळा ऐकलंत? मी माझ्या लहानपणी एकदाही नाही. तुम्हाला १७ सप्टेंबरला मोहल्ल्यातून काहीतरी घेऊन जायचंय ना, तर शोएबुल्ला खान यांचा फोटो घेऊन जा. फ्लेक्सवर मोठा छापा. त्या फोटोचे किनारे मी रात्री जागून साफ करून देतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. मिलादला घरावर लावलेला साधा हिरवा झेंडा दिसला की "पाकिस्तानचा झेंडा" म्हणून व्हिडिओ काढणारे मित्र माझ्याही ऑफिसात आहेत. त्यांच्यासाठी साधी खूण: पाकिस्तानच्या झेंड्यावर काठीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा असतो, आणि चांद-तारा उरलेल्या गर्द हिरव्या भागाच्या मधोमध. दर्ग्यावरच्या आणि घरावरच्या झेंड्याला तो पट्टा नसतो. ज्यांना दोन मिनिटांत दोन स्क्रीनशॉटमधला एका पिक्सेलचा फरक सापडतो, त्यांना हा अख्खा पट्टा दिसत नाही, तेव्हा प्रश्न नजरेचा नसतो. पण त्याच दमात आपल्यालाही सांगतो: चांद-तारा हा काही इस्लामचा रुकन नाही. तो उस्मानी तुर्कांच्या झेंड्यामुळे जगभर पसरला. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर चांद नाही. आपण एका साम्राज्याच्या झेंड्याची खूण ईमान समजून तिरंग्यावर चिकटवायला निघालोय.

माझ्या मामेभावाच्या मनातलं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते मला फार नीट ठाऊक आहे. पुण्यात पहिली खोली शोधताना नाव सांगितलं की फ्लॅट "कालच गेलेला" असायचा. तिसऱ्या दिवशी तोच फ्लॅट पुन्हा जाहिरातीत. त्या महिन्यात मलाही वाटलं होतं, कपाळावर काहीतरी छापून घ्यावं की बाबांनो, मीही इथलाच. तिरंग्यावरचा चांद त्याच जागेतून येतो. पण त्याने घर मिळत नाही. त्याने फक्त एवढंच होतं की आपणच आपल्याला वेगळी खूण लावून देतो आणि मग ती का बघता म्हणून भांडतो.

राजकारणात आपल्याला ही सवय लावलीच आहे. प्रत्येक पक्षात एक अल्पसंख्याक सेल असतो. त्याला एक अध्यक्ष, एक लेटरहेड आणि रमजानात एक इफ्तार. पाण्याची पाइपलाइन, एमआयडीसीतल्या नोकऱ्या, शहराचा आराखडा, यावर बोलणाऱ्या टेबलाशी त्या सेलला खुर्ची नसते. जालन्यात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा तो काही मोहल्ल्याचा चांद बघून थांबत नाही आणि चांद बघून पुढेही जात नाही, तो नगरसेवकाचं ऐकतो. कोपऱ्यातला चांद म्हणजे तिरंग्यावर उघडलेला अल्पसंख्याक सेल आहे. मला तो नको.

कोपऱ्याचा खरा भारतीय उपयोग बघायचा असेल तर नौदलाचा ध्वज बघा. १९५० मध्ये त्याच्या कोपऱ्यातला युनियन जॅक गेला आणि तिथे तिरंगा आला, पण इंग्रजांचा लाल क्रॉस मधे राहिला. २००१ मध्ये तो काढला. पण नवं निळं चिन्ह समुद्रावर नीट दिसेना, म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आणला. शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला, विक्रांतच्या वेळी, तो कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला निळा अष्टकोन आला. (त्या दिवशी मला दौलतखानाचे अकरा फॉरवर्ड आले. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता हे खरं आहे. पण दर खेपेला त्याला हजेरीपटावर उभं करून "हजर" म्हणायला लावणं, हाही कोपरा मागण्याचाच एक प्रकार.) कोपऱ्यात मात्र तिरंगा १९५० पासून आहे तिथेच आहे. भूदलाच्या लाल ध्वजाच्या कोपऱ्यातही तोच, हवाई दलाच्या निळ्या ध्वजाच्या कोपऱ्यातही तोच. तिरंगा दुसऱ्याच्या कोपऱ्यात बसतो, कारण ती मालकाची जागा आहे आणि मालक आपण सगळे. तिरंग्याच्या कोपऱ्यात कुणीच बसत नाही. चांद नाही, त्रिशूळ नाही, क्रॉस नाही, पक्षाचं चिन्ह नाही. ते कोपरे रिकामे राहावेत म्हणून तीस वर्षं भांडण झालंय.

गेल्या वर्षी शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. मिलादला पोरांनी नेहमीसारखे हिरवे झेंडे लावले, आणि १७ तारखेला साधा तिरंगा घेऊन झेंडावंदनाला गेले. मी समजावलं म्हणून नाही. फ्लेक्सवाल्याने ती फाइल छापायला नकार दिला होता, त्याला पोलिसांची भीती.

यंदाची फाइल परवा आली. चांद अर्ध्याहून लहान केलाय, आणि सोबत मेसेज: "भाई, अब तो दिखता भी नई." त्याला उत्तर म्हणून हा लेख पाठवतोय, सोबत शोएबुल्ला खान यांचा फोटो, किनारे साफ करून.